टंबलरमधला आर्विड

शुक्रवारी दुपारी चार वाजता डेल्मर ह्यूबरने आपल्या गॅरेजमधला टंबलर बंद केला, झाकण काढलं, वरचंच एक काडतूस उचलून उजेडात धरलं, आणि आर्विड टोर्गरसन त्यात नसल्याचं त्याच्या लक्षात आलं.

आर्विड तीन आठवड्यांपूर्वी वारला होता. जेवणाआधी डेल्मरने त्याला यंत्रात घातला तेव्हा तो वीसच्या वीस काडतुसांत व्यवस्थित बसलेला होता: प्रत्येक गोळीच्या नाकातल्या खळग्यात चिमूट चिमूट राख आणि वर जांभळ्या मेणाचं बूच. आता खळगे रिकामे होते. पितळ मात्र असं लखलखत होतं की डेल्मरला त्यात स्वतःचा चेहरा दिसला. तो बघण्यासारखा नव्हता, असं नंतर त्यानेच सांगितलं.

माणसाला काडतुसात भरून झाडणं हे आमच्या सँड क्रीकमध्ये रोजचं नसलं तरी जगावेगळंही नाही. पूर्व माँटानात नदीला बाराही महिने पाणी नसतं आणि वारा असा की उधळलेली राख उधळणाऱ्याच्याच दाढीत येते. चार वर्षांमागे ओल्गा स्टेनला तिच्या मुलांनी छऱ्याच्या काडतुसांत भरून बदकांवर झाडलं. एकही बदक पडलं नाही. थोरला म्हणाला, आईचं जिवंतपणीही कोणी ऐकत नसे.

आर्विडची इच्छा जास्त नेमकी होती. हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आधीच्या शनिवारी सगळं गाव नेमबाजीच्या मैदानावर जमतं, रायफलींचा नेम जुळवून घेतं आणि चर्चच्या बायकांनी भट्टीत भाजलेले फळांचे गोड 'पाय' खातं. त्या दिवशी त्याच्या आजोबांच्या जुन्या रायफलीतून, दोनशे यार्डांवरच्या गंजक्या लोखंडी कोल्ह्यावर त्याला झाडायचं होतं. वीस माणसांनी एकेक गोळी, पहिली त्याच्या बायकोने, मर्नाने. ही रायफल एका वेळी एकच काडतूस घेते. ते अंगठ्याएवढं जाड असतं आणि गोळीच्या नाकाला करंगळीचं टोक मावेल असा खळगा असतो. उरलेला आर्विड लुथरन दफनभूमीत गेला होता आणि त्याच्यावर काँक्रीटचं झाकणही बसलं होतं.

काडतुसं कोणी भरायची हे आर्विडने दवाखान्यातच ठरवलं होतं. मर्ना तेव्हा खुर्चीत विणत बसली होती.

"भरायची तूच," आर्विड डेल्मरला म्हणाला. "पण एक ऐक. वंगण हातानं पुसायचं. फडका, स्पिरिट, एकेक काडतूस. त्या तुझ्या वॉशिंग मशीनमध्ये मला घातलंस तर बघ."

"बघ म्हणजे काय? काय करशील?"

"येईन."

"ये की. येताना माझी ड्रिल घेऊन ये. दोन वर्षं झाली."

"हातानं, डेल्मर."

"हातानं रे बाबा. झोप आता."

या वाक्यामागे तीस वर्षांचं भांडण होतं. झाडलेली पितळी पुंगळी पुन्हा वापरायची तर ती पोलादी साच्यातून दाबून मूळ मापाला आणावी लागते. वंगण लावलं नाही तर ती साच्यात अडकते, आणि लावलं तर शेवटी ते काडतुसावर राहतं. चिकट काडतुसाला खिशातली सगळी धूळ चिकटते आणि रायफलीतही ते नीट वागत नाही, म्हणून भरून झाल्यावर ते काढावंच लागतं. इथपर्यंत दोघांचं एकमत होतं.

आर्विड फडक्याने पुसायचा. डेल्मर भरलेली काडतुसं सरळ टंबलरमध्ये टाकायचा. टंबलर म्हणजे थरथरणारं एक पिवळं प्लास्टिकचं घमेलं. त्यात मक्याच्या कणसाचा रवाळ चुरा असतो. दहा मिनिटं ते गुरगुरतं आणि वंगण चुऱ्यात जातं. आर्विडचं म्हणणं, भरलेलं काडतूस असं हलवलं की आतले दारूचे दाणे एकमेकांवर घासतात, त्यांचं पीठ होतं, पीठ भसकन पेटतं, आणि एक दिवस रायफल तोंडावर फुटते. डेल्मरचं म्हणणं, कारखान्यांतही असंच करतात, आणि आपण इतकी वर्षं करतोय, तोंड अजून जागेवर आहे.

"त्या तोंडाला काही झालं असतं तरी कळलं नसतं," आर्विड म्हणायचा.

लॅव्हर्नच्या खानावळीतल्या खिडकीजवळच्या टेबलावर हे संभाषण इतक्या वेळा झालं होतं की लॅव्हर्न कॉफी ओततानाच दोघांच्या वतीने ते म्हणून दाखवायची. एकदा डेल्मरने एक डबाभर काडतुसं आठवडाभर फिरवून सगळ्यांसमोर झाडली. काहीही झालं नाही. आर्विड म्हणाला, एका डब्याने काही सिद्ध होत नाही. दोघं एकत्र शिकारीला गेले, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत नाचले, एकाच बर्फाळ खड्ड्यात एकाच पिकअपमध्ये रात्रभर अडकले; पण आर्विडने डेल्मरचं एकही काडतूस कधी झाडलं नाही. खिशातली संपली की तो शिकार सोडून गाडीत जाऊन बसे.

शुक्रवारी सकाळी डेल्मरने हातानेच सुरुवात केली होती, हे इथे नोंदवलं पाहिजे. पण त्याने वापरलेलं वंगण लोकरीच्या चरबीचं, डिंकासारखं. आणि त्याच्या बोटांना संधिवात. तीन काडतुसं पुसून झाली तेव्हा चौथं हातातून निसटून जमिनीवर आदळलं. ते उचलून तो यंत्राकडे बघत उभा राहिला. दहा मिनिटांनी काय होतंय, असं त्याला वाटलं. आर्विड बघायला नव्हता. पुसलेली तीनही त्याने आत टाकली, म्हणजे सगळी सारखी दिसतील.

मग सवयीने त्याने चुऱ्यात टोपणभर थिनर ओतलं. चिकट वंगण थिनरने लवकर सुटतं. मेणही सुटतं, हे त्याला ठाऊक होतं. फक्त त्याच्या काडतुसांवर आजवर कधी मेण नव्हतं. यंत्र चालू करून तो लॅव्हर्नकडे सूप प्यायला गेला. तिथे शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा विषय निघाला, आणि त्या विषयावर डेल्मरची मतं लांबलचक आहेत.

चार वाजून गेल्यावर कर्मिट ओपडाल घडीच्या खुर्च्या मागायला गॅरेजमध्ये आला. कर्मिटने जन्मभर गावातलं धान्याचं कोठार सांभाळलं. गावात कोणी काही झाकून ठेवलं असेल तर झाकण उचलायला तो आधी पोचतो.

"काय झालं? कोण मेलं?" तो म्हणाला.

"आर्विड."

"ते कळलं मला. मयताचं जेवण मीच वाढलं होतं."

डेल्मरने घमेल्याकडे बोट केलं. कर्मिट वाकला. मक्याचा चुरा, त्यात चमकणारी काडतुसं, इकडेतिकडे जांभळे डाग. त्याने चुऱ्यात एक बोट बुडवून बाहेर काढलं.

"म्हणजे तो," कर्मिट म्हणाला, "यात आहे?"

"यातच आहे."

"तू त्याला वॉशिंग मशीनमध्ये घातलंस."

"टंबलर म्हण."

"त्यानं आयुष्यभर एकच गोष्ट करू नको म्हणून सांगितलं..."

"कर्मिट, गप बस, नाहीतर तुलाही घालीन आत."

"मी मावणार नाही. त्याला तरी आधी जाळला होता."

त्यांनी डेल्मरच्या बायकोची पिठाची चाळणी आणली. बायको बहिणीकडे बिस्मार्कला गेली होती. ही त्या दिवसातली डेल्मरसाठी एकमेव बरी गोष्ट. चुरा वर राहिला, राखाडी भुकटी खाली आली. पण भुकटी खूप होती, आर्विड जेवढा होता त्याच्या तिप्पट. डेल्मरने चुरा तीन हंगाम बदललेला नव्हता. त्यात निम्म्या गावाच्या रायफलींची काजळी होती, पितळेचा मळ होता, आणि कोण जाणे कधीचा एक चॉकलेटचा कागद होता.

"यातला आर्विड कुठला?" कर्मिटने विचारलं.

"राखाडी."

"सगळंच राखाडी आहे, लेका."

आणि तेवढ्यावर भागलं नाही. टंबलरमध्ये धूळ धरायला डेल्मर कपडे वाळवायच्या यंत्रातल्या वापरलेल्या सुगंधी फडक्यांचे तुकडे टाकतो. आमच्याकडे बरेच जण टाकतात. कर्मिटने चिमटीत एक तुकडा उचलला. तो पांढरा असायला हवा होता. तो काळपट झाला होता, फुगला होता आणि त्याला लॅव्हेंडरचा वास येत होता.

"मला वाटतं, बराचसा हा आहे," कर्मिट म्हणाला.

डेल्मर उलट्या बादलीवर बसला.

"चुलीतली राख भर," कर्मिटने सुचवलं. "कोणाला कळतंय?"

"चुलीत एल्मचं लाकूड जाळलंय मी."

"मग?"

"एल्मचा त्याला वैताग होता. फुटत नाही म्हणायचा, कुऱ्हाड अडकते."

"अरे, मग त्याच्या नावानं एल्मला तरी गोळ्या घाल!"

पण डेल्मरला ते पटलं नाही. आर्विड थोडा का होईना आत असला पाहिजे, असं तो म्हणाला. फडक्यांचे तुकडे त्याने डब्यावर झटकले, चाळलेल्या भुकटीत मिसळले आणि काडीने एकेक खळगा पुन्हा भरला. जांभळं मेण मर्नाने दिलेल्या चर्चच्या मेणबत्तीचं होतं. ते संपलं होतं. कर्मिट घरी जाऊन नातीचा जांभळा रंगखडू घेऊन आला. तो लायटरवर वितळवून त्यांनी बुचं लावली. या वेळी काडतुसं डेल्मरने हातानेच पुसली, सगळीच्या सगळी, बोटं दुखेपर्यंत. पुसायला त्यांच्यावर काही उरलेलं नव्हतं.

"मर्नाला सांगणार?" जाताना कर्मिटने विचारलं.

"काय सांगू? तिच्यासमोर शब्द दिलाय मी."

"मग नको सांगूस. मी तर काही बोलणारच नाही."

कर्मिट काही बोलणार नाही म्हणाला, हे ऐकून डेल्मरची पाचावर धारण बसली.

शनिवारी मैदानावर ऊन होतं आणि वारा नेहमीइतका. पायच्या टेबलावरचं कापड चारी कोपऱ्यांना पकडीने आवळलं होतं. बारा वाजता सगळ्यांनी आपापल्या रायफली उघडून ठेवल्या आणि टोप्या काढल्या. पाद्रीबाई ग्रेचेन लिंडाल यांनी प्रार्थना म्हटली. त्या स्वतः बरी नेमबाजी करतात, त्यामुळे प्रार्थना आटोपशीर होती. मग डेल्मरने लाकडी डबा मर्नाच्या हातात दिला.

मर्ना टोर्गरसन सत्तरीची, ठेंगणी, कमी बोलणारी बाई. तिने पन्नास वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला भाज्या चिरल्या आणि दुसऱ्या टोकाला आर्विडला काडतुसं पुसताना पाहिलं. तिने डबा उघडला. एक काडतूस उचललं. उन्हात फिरवलं. मग नाकाशी नेलं.

"डेल्मर."

"काय गं?"

"आर्विडच्या अंगाला आयुष्यात कधी लॅव्हेंडरचा वास आला नाही."

डेल्मरने हात खिशात घातले.

"आणि हातानं पुसलेलं पितळ असं चमकत नाही. बोटांची रेघ राहते. मी घासायची ना त्याची काळी झालेली बोटं रविवारी चर्चच्या आधी." तिने काडतूस त्याच्यापुढे धरलं. "मशीनमध्ये घातलंस?"

"मर्ना, माझे हात..."

"घातलंस का?"

"घातलं."

रांगेतल्या माणसांना वाऱ्यामुळे सगळं ऐकू गेलं नाही. ज्यांना गेलं नाही त्यांना कर्मिटने सांगितलं. "बाहेर सांडला तो," तो हळूच म्हणाला, म्हणजे त्याच्या मते हळूच. "पुन्हा भरलाय. माझ्या नातीच्या रंगखडूनं."

"मग यात काय आहे?" मर्नाने विचारलं.

"आर्विड आहे," डेल्मर म्हणाला. "थोडा. थोडी काजळी. कर्मिटच्या रायफलीची असेल. तुझ्या भावाचीही."

"आणि कोण?"

"थोडा मका."

कोणीतरी मागे हसलं आणि लगेच खोकलं. पाद्रीबाईंनी टोपी पुन्हा घातली, मग काढली.

"तीस वर्षांत त्यानं तुझं एक काडतूस झाडलं नाही," मर्ना म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला म्हणायचा, डेल्मर चांगला माणूस आहे, पण त्याच्या काडतुसाच्या शंभर फुटांत उभी राहू नकोस. आणि शेवटी स्वतःलाच तुझ्या हातात दिलं. एक अट घातली, डेल्मर. एकच."

"माहीत आहे मला."

"किती वेळ फिरवलंस?"

"दहा मिनिटंच म्हटलं होतं. मग लॅव्हर्नकडे... दुपारभर."

"दुपारभर! त्याला बोटीत बसलं तरी उलट्या व्हायच्या."

यावर हसावं की नाही हे कोणालाच कळेना. मर्ना हसत नव्हती. तिने रायफलीकडे बघितलं, मग काडतुसाकडे.

"आता मला सांगा," ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली. "आर्विडचं खरं असेल तर ही रायफल माझ्या तोंडावर फुटणार. हो ना? आणि त्याचं खोटं असेल, तर तीस वर्षं रोज रात्री जेवताना मी जे ऐकलं ते सगळं फुकट. यातलं मला काय हवंय, ते तुम्हीच सांगा."

रांगेत आर्विडला झाडायला उभी असलेली माणसं एकेक पाऊल मागे सरकली होती. त्यांतले निम्मे लॅव्हर्नकडे डेल्मरच्या बाजूने बोलत आले आहेत, हे नमूद करणं भाग आहे. बेकरीवाला ग्लेन म्हणाला, आपल्याला खांद्याचा त्रास आहे. दुसरा म्हणाला, गाडीत कुत्रा आहे, बघून येतो.

"मर्ना, थांबू या आपण," पाद्रीबाई म्हणाल्या. "आजच केलं पाहिजे असं नाही. देवाला घाई नसते."

"देवाला नसेल. आर्विडला होती. आजचाच दिवस म्हणाला होता." तिने काडतूस डेल्मरच्या तळहातावर ठेवलं. "तूच म्हणतोस ना, काही होत नाही? झाड."

आता डेल्मरला नाही म्हणायला जागा नव्हती. तो गुडघे मोडत नेमबाजीच्या टेबलाशी बसला. आर्विडची रायफल त्याने कधी हातात घेतली नव्हती. आर्विड देत नसे. नळीमागचा ठोकळा खाली केला, काडतूस आत सरकवलं. आर्विडच्या रायफलीत डेल्मरचं काडतूस जाण्याची ही पहिली वेळ, आणि त्यात आर्विड.

"डोळे मिटू नकोस," कर्मिट शंभर फुटांवरून ओरडला. "नेम चुकेल."

"कर्मिट, देवाशपथ..."

"देवाचं नाव घ्यायला पाद्रीबाई आहेत. तू बघ पुढे."

डेल्मरने गाल लाकडाला लावला. गाल लावायला त्याला बराच वेळ लागला. मग बार झाला. मैदानावर त्या दिवशी झालेल्या सगळ्या बारांपेक्षा तो जाड होता, पण ती रायफल नेहमीच तशी वाजते. एका क्षणाने दोनशे यार्डांवरून टण्ण असा आवाज आला आणि लोखंडी कोल्हा कडीवर गिरक्या घेऊ लागला. वाऱ्याबरोबर धूर मागे आला. त्याला लॅव्हेंडरचा वास होता असं तिघांनी सांगितलं. एकाने नव्हता म्हणून सांगितलं.

डेल्मरचं तोंड जागेवर होतं. त्याने एका हाताने चाचपून पाहिलं.

"बघा," तो म्हणाला. मग मर्नाकडे बघून पुन्हा म्हणाला, पण अगदी हळू, "बघ."

त्याने ठोकळा खाली ओढला. पुंगळी बाहेर आली, पण पहिल्या ओढीला नाही. दुसऱ्या.

"अडकली!" कर्मिट म्हणाला. तो आता जवळ आला होता. "दाब जास्त झाला म्हणून अडकली."

"ही रायफल अशीच आहे. जुनी आहे."

"आर्विडची कधी अडकत नव्हती."

"तू कधी जवळ होतास रे बघायला?"

कर्मिटने पुंगळी हिसकावून तिचं बूड उन्हात धरलं. मधली, दारू पेटवणारी टिकली चपटी झाली होती का? दाब वाढला की ती चपटी होते, एवढं इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. कर्मिटच्या मते ती पैशासारखी सपाट झाली होती. डेल्मरच्या मते ती अगदी नेहमीसारखी होती. कुत्रा बघायला गेलेला माणूस कुत्रा नसलेल्या गाडीतून परत आला आणि म्हणाला, थोडी. पुंगळी हातोहात रांगेतून फिरली आणि रांगेत तिच्याबद्दल दोन तट पडले. लॅव्हर्नने त्या दिवशी मैदानावर कॉफीचा थर्मास आणला होता. ती म्हणाली, एकाने काही सिद्ध होत नाही, हे आर्विडचं वाक्य आता कोण म्हणणार, मी म्हणू?

मर्नाने कोणाची वाट पाहिली नाही. तिने डबा बंद केला.

"बाकीचा नको," ती म्हणाली. "एक पुरे. डेल्मर, ते मशीन माझ्या घरी आणून दे. आहे तसं. त्यातला चुरा फेकायचा नाही. फडकी पण."

"मर्ना, मी साफ करून..."

"हात लावू नकोस तू."

मग तिने आंबटगोड रुबार्ब पायचा एक तुकडा कागदात गुंडाळून घेतला, रायफल खांद्याला अडकवली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली. डेल्मरने संध्याकाळी टंबलर तिच्या पायऱ्यांवर नेऊन ठेवला. तिने दार उघडलं, यंत्र आत घेतलं आणि दार लावलं.

रविवारी ती चर्चला आली नाही. सोमवारी दुपारी पाद्रीबाई बटाट्याचा हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं कालवण, घेऊन तिच्याकडे गेल्या. दारापासूनच गुरगुर ऐकू येत होती, असं त्या सांगतात. यंत्र स्वयंपाकघरात होतं, टेबलाच्या त्या टोकाला, जिथे आर्विड काडतुसं पुसायचा. ते चालू होतं. आत उरलेली सगळी काडतुसं, तोच चुरा, तीच फडकी. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मर्ना गाजरं चिरत होती.

"कधीपासून चालू आहे?" पाद्रीबाईंनी विचारलं.

"शनिवारपासून."

"पण मर्ना, त्याला तर हे..."

"त्याचं म्हणणं पीठ होतं. डेल्मरचं म्हणणं होत नाही. दुपारभर फिरवून काय कळणार? आता वर्षभर फिरवते. पुढच्या वर्षी मैदानावर डेल्मरच बसेल टेबलाशी, आणि कळेल काय ते."

"आणि राख?"

"आत आहे की. कुठे जाणार?"

कर्मिट मंगळवारी खुर्च्या परत करायच्या निमित्ताने तिथे डोकावून आला. त्या खुर्च्या डेल्मरच्या होत्या, पण ते असो. त्याला तिने वेगळं सांगितलं. घर फार शांत झालंय, असं ती म्हणाली. आर्विड घोरायचा, याचा आवाज साधारण तसाच आहे. दोन्ही विधानं तिचीच आहेत आणि एकही तिने मागे घेतलेलं नाही.

हे कळल्यावर डेल्मरने तिला फोन केला. त्या यंत्राची मोटर अखंड चालायला बनवलेली नाही, ती तापेल, रोज रात्री बंद ठेव, असं त्याने सांगितलं. मर्नाने ऐकून घेतलं आणि विचारलं, जास्तीची मोटर आहे का? होती. मंगळवारी संध्याकाळी ती खोक्यात घालून डेल्मर तिच्या पायऱ्यांपर्यंत गेला. बेल वाजवली. दार उघडलं नाही. त्याने खोकं पायरीवर ठेवलं. पायरीवर आधीच एक ड्रिल होती, वायर गुंडाळून ठेवलेली. ती त्याने ओळखली, थोडा वेळ हातात धरली आणि घरी नेली.

झाडलेली पुंगळी लॅव्हर्नच्या गल्ल्याजवळ बशीत ठेवली आहे. टिकलीबद्दल अजून एकमत नाही. पुढच्या वर्षी आर्विडच्या रायफलीशी बसणार का, या प्रश्नावर डेल्मर ह्यूबरने हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही; लॅव्हर्नकडे या आठवड्यात तो खिडकीजवळच्या टेबलावर बसत नाही, गल्ल्याजवळ बसतो आणि बशीकडे बघतो.

बुधवारी सकाळी मोटरचं खोकं पायरीवर नव्हतं. यंत्राचा आवाज रस्त्यावर येत होता.